तिना नवरानं काय व्हयनं?

प्रश्न चाळीसगावहून आलाय. विचारणाऱ्या ताई एक ऑडिओ मालिका लिहितायत. दोनशे वर्षांनंतरचं यान, पाटणादेवीच्या डोंगरातून उडालेलं, आणि त्याची कप्तान पंचेचाळिशीची बाई. निर्माता म्हणतो, चौथ्या भागाच्या आत लव्ह ट्रॅक सुरू झाला पाहिजे. मैत्रिणी म्हणतात, तिला प्रेमात पाडलीस की कप्तान संपली. ‘परदेशी विज्ञानकथा मालिकांनी बाई नेत्यांची प्रेमं कशी लिहिली आणि त्यातून मी काय घेऊ?’ असं त्यांनी विचारलंय. सोबत पहिल्या सहा भागांची वन-लाइन, म्हणजे भागवार कथासार, पाठवली आहे.

ताई, मी बावीस वर्षं मराठी दैनंदिन मालिकांचे स्क्रीनप्ले आणि संवाद लिहिले. अंतराळ कधी लिहिलं नाही, बजेटच नव्हतं. पण पाहिलं भरपूर. आणि बाईला खुर्चीवर बसवल्यावर तिच्या घराचं काय करायचं, हा घोळ सासू-सुनांच्या मालिकेत आणि आकाशगंगेत सारखाच असतो, एवढं खात्रीने सांगते.

सुरुवात माझ्या आईपासून करते. आई अमळनेरची, घरात अहिराणीच बोलते. एका उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे वाळत घालताना मी तिला ‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ची गोष्ट सांगत होते. कॅथरिन जेनवे नावाची कप्तान, तिचं जहाज एका झटक्यात आकाशगंगेच्या पलीकडच्या टोकाला फेकलं जातं, परत यायला पंचाहत्तर वर्षं लागणार. आईने अंतराबद्दल काही विचारलं नाही, परग्रहवासीयांबद्दलही नाही. म्हणाली, “मंग तिना नवरानं काय व्हयनं?”

हाच खरा प्रश्न आहे, आणि मालिकेने त्याचं जे उत्तर दिलं ते पाहण्यासारखं आहे. जेनवेचं लग्न ठरलेलं असतं, मार्क नावाच्या माणसाशी. तो पृथ्वीवर राहतो. तिची गाभण कुत्रीही त्याच्याकडेच. चौथ्या सीझनमध्ये, १९९८ साली, घरून पत्रं येतात. मार्कचं पत्र असतं: तुम्ही सगळे गेलात असं धरून चाललो, पिल्लांना चांगली घरं मिळाली, आणि मी लग्न केलं. जेनवे वाचते, गिळते, पुढच्या कामाला लागते. आई म्हणाली, “पिल्लास्नं तरी बरं व्हयनं.”

आता हे लेखकाच्या टेबलावरून बघा. मार्क हे पात्र नव्हतंच, ते कुलूप होतं. कप्तान बाई आहे, जहाजावर दीडशे माणसं आहेत, निम्मे पुरुष आहेत. पहिल्याच आठवड्यात प्रेक्षक विचारणार की हिचं कोणाशी जुळणार. म्हणून दाराला कुलूप लावून ठेवलं. पुढे ‘स्टारगेट अटलांटिस’मध्ये डॉ. एलिझाबेथ वीअर मोहिमेची प्रमुख होते, तिचाही सायमन पृथ्वीवर राहतो, आणि त्यालाही दुसरी भेटते. तेच कुलूप, कंपनी वेगळी. पुरुष कप्तानाला असं कुलूप लावत नाहीत. १९६६च्या मूळ ‘स्टार ट्रेक’मधला कप्तान कर्क ग्रहागणिक प्रेमात पडायचा आणि पुढच्या भागात त्याची आठवणही नसायची. (न्याय म्हणून सांगते: त्याच मालिकेचा सगळ्यात गाजलेला भाग तो, ज्यात कर्कला इतिहास वाचवण्यासाठी त्याचं जिच्यावर प्रेम आहे त्या एडिथ कीलरला मोटारीखाली जाऊ द्यावं लागतं. म्हणजे प्रेमाची किंमत लिहिता येत होती. रोज लिहायची इच्छा नव्हती.)

जेनवेच्या बाबतीत निर्मात्यांची भीती अगदीच बिनबुडाची नव्हती, हेही मान्य करते. १९९५ साली ‘स्टार ट्रेक’च्या मुख्य खुर्चीत पहिल्यांदा बाई बसत होती. जेनवे साकारणाऱ्या केट मलग्र्यू यांनी नंतर उघड सांगितलंय की कप्तानाला प्रेमप्रकरण नको, हे त्यांचंही मत होतं. शिवाय सैन्यात हाताखालच्या माणसाशी संबंध म्हणजे सत्तेचा गैरवापर. कप्तानाच्या वर कोणी नसल्यामुळे जहाजावरचा प्रत्येक पुरुष तिच्या हाताखालचा. हा अडसर खरा आहे आणि तुमच्या यानावरही येणार आहे. तो टाळू नका.

पण बघा, अडसर खरा असूनही सात सीझन रिकामे गेले नाहीत. दोन जागा तुम्ही स्वतः पाहाच. एक दुसऱ्या सीझनच्या शेवटाकडची. जेनवे आणि तिचा उपप्रमुख चाकोटे यांना एका कीटकाच्या दंशातून असा रोग होतो की तो ग्रह सोडला तर मरतील. जहाज त्यांना तिथे सोडून निघून जातं. ती रोज प्रयोगशाळेच्या पेट्या उघडून इलाज शोधत बसते. तो सुतारकाम करतो, आणि तिला एक न्हाणीचं टब बांधून देतो. वादळात तिची सगळी उपकरणं मोडतात, तेव्हा कुठे ती हात सोडून बसते. मग तो एका रागीट योद्ध्याची दंतकथा सांगतो, आणि दंतकथेच्या आडून स्वतःचं सांगून टाकतो. प्रेमाचा शब्द कोणी काढत नाही. शेवटी औषध घेऊन जहाज परत येतं आणि दोघं पुन्हा गणवेशात, पुन्हा ‘कप्तान’ आणि ‘कमांडर’. लेखकांनी सगळं दिलं आणि एकाच भागात सगळं काढून घेतलं. साप्ताहिक मालिकेचा तो नियमच होता: भाग संपला की फळा पुसायचा.

दुसरी जागा मला जास्त आवडते, कारण ती गैरसोयीची आहे. सहाव्या सीझनमध्ये होलोडेकवर, म्हणजे संगणकाने उभ्या केलेल्या खोट्या दुनियेत, एक आयरिश गाव असतं. तिथल्या दारूच्या गुत्त्याचा मालक जेनवेला आवडतो. ती संगणकाला सांगत जाते: याला जरा शिकलेला कर, तीन सेंटिमीटर उंच कर. आणि निघता निघता: याची बायको काढून टाक. मी हसले होते. नंतर वाटलं, सत्ता असलेल्या माणसाचं प्रेम इतकं प्रामाणिक फार थोड्यांनी लिहिलंय. माणूस हवा तसा वळवता येतो, हेच तिला त्रास देतं. भागाच्या शेवटी ती संगणकाला सांगते की यापुढे त्याच्यात बदल करायची परवानगी मलाच देऊ नकोस. जिच्या हुकुमावर सगळं चालतं ती स्वतःवरच एक हुकूम काढते. हे दृश्य फक्त कप्तानाचंच असू शकतं. दुसऱ्या कोणत्याही पात्राला ते दिलं तर चालणार नाही. मी संवाद शिकवते तेव्हा हेच विचारते: हा प्रेमाचा प्रसंग तिच्या हुद्द्याशिवाय उभा राहतो का? राहत असेल तर तो दुसऱ्या कोणाचा तरी उचललेला आहे.

माझा स्वतःचा एक फसलेला कारभार सांगते. एका मालिकेत मी महिला पोलीस निरीक्षक लिहीत होते. पहिले पाच आठवडे बरे गेले. सहाव्या आठवड्याचा गुरुवार आला, टीआरपी पडला, आणि वाहिनीच्या बैठकीत ठरलं की बाईंना प्रेमात पाडा. कोणाच्या, ते ठरायच्या आधी कपडे ठरले: खाकी कमी, साडी जास्त. मी नाही म्हणाले नाही, हप्ता चालू होता घराचा. महिनाभरात ती निरीक्षक गुन्हे सोडवायची थांबली आणि फोनची वाट बघायला लागली. आरोपी पकडायचं काम तिच्या होणाऱ्या नवऱ्याकडे गेलं, आणि तो होता आर्किटेक्ट! तुमच्या मैत्रिणींना जी भीती वाटते ती हीच. पण ‘प्रेमच नको’ हे त्या भीतीवरचं औषध नाही. त्या मालिकेत बाईच्या हातातली कामं एकेक करून काढून घेतली गेली, प्रेम फक्त त्याची पावती होती.

आपल्याकडे हे काही टीव्हीने आणलेलं नाही. तुमच्या पाटणादेवीचंच घ्या. तिथे १२०७ सालचा शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ उभारला त्याचा. त्याच भास्कराचार्यांच्या लीलावतीची दंतकथा आपण सगळ्यांनी ऐकलेली: लग्नाची घटिका मोजायला ठेवलेल्या पात्रात तिच्या दागिन्याचा मोती पडला, भोक बुजलं, मुहूर्त टळला, लग्न राहिलं; मग वडिलांनी तिच्या नावाने गणिताचा ग्रंथ लिहिला. खरं-खोटं सोडा, पण घडण बघा. गणित मिळालं ते लग्न हुकल्याची भरपाई म्हणून. दोन्ही मिळाली अशी दंतकथा कोणी रचली नाही. जेनवेच्या मार्कचं पत्र आणि लीलावतीचा मोती यांत मला फार फरक दिसत नाही.

आणि उलट टोकही आपल्याच गावात आहे: सरपंचपती. २०११पासून राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या, आणि कित्येक ठिकाणी ग्रामसभेत बोलणारा माणूस तिचा नवरा. तिकडच्या लेखकाने नवरा गायब केला, इकडे नवराच खुर्चीत बसला. प्रतिभाताई पाटील, आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या, २००७ साली राष्ट्रपती झाल्या तेव्हा तर भाषाच अडखळली. बाईला ‘राष्ट्रपती’ म्हणायचं का यावर चर्चा झडल्या, आणि देवीसिंह शेखावतांना काय म्हणायचं यावर विनोद. शेखावत स्वतः शिक्षणक्षेत्रातले, अमरावतीचे महापौर राहिलेले. पण बायकोच्या मागे दोन पावलं चालणाऱ्या पुरुषासाठी आपल्याकडे शब्द नव्हता. लेखकाचं काम तिथेच सुरू होतं.

मला तो पुरुष आधी घरात दिसला. माझी मावशी एरंडोल तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापिका होती. काका सूतगिरणीतून सुटले की लुनावर तिला न्यायला यायचे. शाळेच्या आत कधी आले नाहीत. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली लुना स्टँडवर, आणि काका तिच्यावर बसून सकाळचाच पेपर पुन्हा वाचतायत. कधी केंद्रप्रमुख आले, कधी पोषण आहाराचा हिशेब जुळेना, मावशीला सात वाजायचे. काका पेपरची घडी बदलायचे. मावशी बाहेर आली की न बोलता किक मारायचे. गाव त्यांना हसायचं. मला आजतागायत एवढं रोमँटिक दृश्य कुठे लिहिता आलेलं नाही.

लिहिलेलं मात्र एकदा पाहिलं. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’, २००४ ते २००९. माणसांच्या सगळ्या वसाहती नष्ट होतात, पन्नासेक हजार लोक उरतात, आणि उत्तराधिकाराच्या यादीत त्रेचाळिसावी असलेली शिक्षणमंत्री लॉरा रॉस्लिन राष्ट्राध्यक्ष होते. त्याच दिवशी तिला स्तनाचा कर्करोग असल्याचं कळलेलं असतं. सैन्य अॅडमिरल अडामाच्या हातात. दोघं आधी भांडतात, साधं नाही, तो तिला तुरुंगात टाकतो. मग विश्वास, मग मैत्री, मग पुढचं. घाई नाही. चौथ्या सीझनमध्ये ती ज्या जहाजावर आहे ते हरवतं. ताफ्याला पुढे जाणं भाग. अडामा हुकमत दुसऱ्याकडे सोपवतो आणि एका छोट्या यानात एकटाच मागे थांबतो, पुस्तक वाचत. बाकी पोकळी, आणि म्हातारा पुस्तक वाचतोय. मी पडद्यासमोर ‘लुना!’ म्हणून ओरडले. पुढच्या भागात ती परत येते आणि म्हणते, माझं प्रेम आहे तुमच्यावर. तो म्हणतो, झाला खरा एकदाचा मुहूर्त. (हे भाषांतर माझं आहे, मूळ त्याहून कोरडं आहे.)

हे का जमलं? दोघांच्या अधिकाराचे रस्ते वेगळे आहेत. ती नागरी, तो लष्करी, कोणीच कोणाच्या हाताखाली नाही. सैनिकी अडसर असा सोडवला. दुसरं, वय. ती साठीकडे झुकलेली, आजारी, पुढे केस गेलेले. दिसण्याचा प्रश्नच लेखकांनी मिटवून टाकला, म्हणून साडी की खाकी ही बैठक झाली नाही. तिसरं सगळ्यात मोठं: त्याचं प्रेम तिचं काम काढून घेत नाही. शेवटच्या भागात ती मरते, तो स्वतःची अंगठी तिच्या बोटात घालतो. मरण मला खटकतं, बाई नेत्याला सुख दिलं की तिला मारायची सवय या मालिकांना आहेच. पण इथे आजार पहिल्या दिवसापासून होता, फसवणूक नव्हती.

फसवणूक कशी असते ते पाहायचं तर ‘द हंड्रेड’. लेक्सा, बारा टोळ्यांची सेनापती, दुसऱ्या बाईवर प्रेम करणारी. मार्च २०१६मध्ये दोघी पहिल्यांदा एकत्र येतात आणि काही मिनिटांत लेक्साला तिच्याच सल्लागाराची भलतीकडे झाडलेली गोळी लागते. अभिनेत्रीच्या दुसऱ्या मालिकेच्या तारखा होत्या, हे कारण खरंच होतं. पण प्रेमाच्या प्रसंगाला चिकटवून मारायचं कारण तारखांमध्ये नव्हतं. प्रेक्षक इतके खवळले की मालिकेच्या प्रमुखाला माफी मागावी लागली. ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’मधली धर्मगुरू काई विन तर अख्ख्या जन्माची धूर्त, तिला प्रेमात पाडलं ते वेश बदलून शेतकरी बनलेल्या शत्रूच्या. महत्त्वाकांक्षी बाईची शिक्षा म्हणून प्रेम. ‘फॉर ऑल मॅनकाइंड’मध्ये नासाच्या ह्यूस्टन केंद्राची प्रमुख मार्गो एका रशियन अभियंत्यात गुंतते आणि त्या गुंत्याला धरूनच हेरखातं तिला पिळतं. तिथे निदान गुंता दोन बुद्धिमान माणसांचा आहे, इंजिनावर बोलता बोलता झालेला, त्यामुळे मी माफ करते. त्याच मालिकेतली मॉली कॉब पाहा, अंतराळवीर. तिचा नवरा वेन घरी चित्रं काढतो, गांजा ओढतो आणि ती वर असली की भीतीने अर्धा होतो. अंतराळवीरांच्या बायकांच्या गोतावळ्यात बसलेला एकटा नवरा. त्याला ‘बिचारा’ केलेलं नाही, हे विशेष.

आणि नवरा असलेली, चालू संसारातली नेता? थोड्या आहेत. ‘द एक्स्पान्स’मधली क्रिसजेन अवसरला साडी नेसते, शिव्या घालते, पृथ्वीचं राजकारण चालवते, आणि घरी अर्जुन आहे. अर्जुनसमोरच तिचा आवाज उतरतो. चौथ्या सीझनमध्ये निवडणूक जिंकण्यासाठी ती घाण खेळते आणि अर्जुन तिला ओळखेनासा होतो. परका पुरुष नाही, गैरसमजाची चिठ्ठी नाही. तिच्या एका राजकीय निर्णयाने संसारात भेग पडते. आपल्या मालिकांमध्ये असं भांडण मी एकदाही लिहिलं नाही, लिहू दिलं नसतं. हलकं काही हवं असेल तर ‘स्टार ट्रेक: डिस्कव्हरी’तले सारू आणि टिरिना. ती एका ग्रहाची राष्ट्राध्यक्ष. घाबरतो, शब्द चाचपडतो तो. पहिलं पाऊल बऱ्याचदा तीच उचलते आणि तिच्या खुर्चीला काही होत नाही. २०२४मध्ये, मालिकेच्या शेवटच्या भागात, त्यांचं लग्न लागलं.

आता तुमची वन-लाइन. तुमचा नायक उपकप्तान आहे आणि चौथ्या भागात तो कप्तानाला आगीतून बाहेर काढतो. दोन्ही बदला. हाताखालचा माणूस घेतलात तर ती गोष्ट सत्तेच्या गैरवापराची होते. ती लिहायची असेल तर तशी लिहा, पण निर्मात्याला ते नकोय आणि मला वाटतं तुम्हालाही. तुमच्या यानावर तिसऱ्या भागात केळीची बाग आहे, रावेरकडचा एक माणूस ती सांभाळतो, त्याला तुम्ही विनोदापुरता ठेवलाय. तोच घ्या. तो दलाचा नाही, प्रवाशांनी निवडलेला आहे, कप्तानाला सभेत उलटं बोलू शकतो. पाचव्या भागात पाणी कमी पडतं. केळी पाणी किती पिते हे तुम्हाला मी सांगायला नको. कप्तान त्याच्या बागेचं पाणी तोडायच्या हुकमावर सही करते. आग वगैरे काही लागत नाही. तो सभेत भांडतो, हरतो. रात्री ती त्याच्याकडे जेवायला जाते का? गेली तर तो काय वाढतो? भाग तिथे आहे.

आपल्याकडे एक हत्यार आहे जे इंग्रजीत नाही, ते वापरा. जेनवे पहिल्याच भागात सांगते की मला ‘सर’ म्हणू नका, अडचणीत ‘मॅडम’ चालेल, पण ‘कप्तान’ म्हणा. तिकडे हुद्दा आणि नाव एवढ्या दोनच पायऱ्या. आपल्याकडे कप्तान, बाई, ताई, तुम्ही, अहो, तू, अगं, आणि अहिराणीत तर ‘व माय’पासून सगळं. सभेत तो ‘कप्तान, तुम्ही’ म्हणेल, बागेत नुसतं क्रियापद बोलेल, कर्ता गिळून: ‘जेवण झालं?’ ऑडिओ मालिका आहे, चेहरा दिसणार नाही, सगळं या सर्वनामांवर चालणार. सहाव्या भागाच्या शेवटी तो तिला पहिल्यांदा ‘तू’ म्हणतो, ते वाक्य काढा. आधी तिला म्हणू द्या.

सहावा भाग नव्याने लिहून पाठवा. बागेचं पाणी नेमकं किती टक्के तोडलं तो आकडा मात्र ठरवून पाठवा. वन-लाइनमध्ये ‘बरंच’ लिहिलंय, त्यावर माणूस भांडू शकत नाही.